घरांतील दिव्यांचा सारा

जमीन विकत घेतांना शहाणा शेतकरी केवळ खरेदीची किंमत पाहत नाहीं. तिच्यावर दरसाल सारा किती बसतो हेंही तो विचारून घेतो. घरांतील विजेच्या दिव्याची गोष्ट अशीच आहे. दुकानांत दिलेली किंमत ही खरेदी होय. ती एकदांच द्यावयाची. पुढें तो दिवा जळेल तितके दिवस बिलांत जें भरावें लागतें, तो त्याचा सारा होय. इ. स. २०१५ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें ‘उजाला’ योजना काढिली, तेव्हांपासून एलईडी दिवे खेडोपाडीं पोहोंचले. तरीही दिवा घेतांना पुष्कळ लोक खरेदीची घासाघीस करितात आणि साऱ्याची चौकशी करीत नाहींत, असें आमच्या पाहण्यांत आहे. ती चौकशी कशी करावी, हाच या पाठाचा विषय.

साऱ्याची आकारणी.— दिव्यावर लिहिलेले वॅट, रोज जळण्याचे तास आणि महिन्याचे दिवस यांचा गुणाकार करून १,००० नें भागावें. येईल तितकीं युनिटें झालीं. तारेचा जुना ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास लाविला, तर महिन्यास ९ युनिटें होतात. त्याच जागीं ९ वॅटचा एलईडी दिवा लाविल्यास १.३५ युनिटें होतात. घरांत असे चार दिवे असल्यास ३६ ऐवजीं ५.४ युनिटें लागतील. म्हणजे दरमहा ३०.६ युनिटें वाचलीं.

घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो. महाराष्ट्रांत पहिल्या १०० युनिटांस एक दर, पुढें ३०० पर्यंत त्याहून चढा दर, अशा पायऱ्या आहेत. वाचणारें युनिट नेहमीं सर्वांत वरच्या पायरीवरून वाचतें. ज्याचा वापर महिना १२० युनिटें आहे, त्यानें वरीलप्रमाणें बचत केल्यास चढ्या दराचीं वीसही युनिटें नाहींशीं होतात. म्हणून बचतीचा हिशेब करितांना सरासरी दर न धरतां बिलावरील शेवटच्या पायरीचा दर धरावा.

वॅट आणि उजेड.— वॅट म्हणजे बैलाचा चारा. त्यावरून त्याचें काम समजत नाहीं. उजेडाचें माप लुमेन होय, आणि तें खोक्यावर लिहिलेलें असतें. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारें ७०० लुमेन देतो. ९ वॅटचा चांगला एलईडी दिवा ८०० ते ९०० देतो. जुन्या बल्बांत तार तापून लाल-पांढरी होते तेव्हां उजेड पडतो, आणि विजेचा नऊ-दशांशांहून अधिक भाग उष्णतेंत जातो. एलईडींत तार तापवावी लागत नाहीं, म्हणून थोड्या विजेंत अधिक उजेड मिळतो.

‘झिरो’चा दिवा.— आमच्या देवघरांत कित्येक वर्षें झिरोचा बल्ब रात्रभर जळत असे. नांवावरून त्यास वीज लागतच नाहीं, असा आमचाही समज होता. वास्तविक असा बल्ब १२ ते १५ वॅट खातो. जुनीं चकतीचीं मीटरें इतका अल्प भार नीट नोंदीत नसत, त्यामुळें तें नांव रूढ झालें. १५ वॅट रोज १० तास, म्हणजे महिन्यास ४.५ युनिटें. संध्याकाळीं जळणाऱ्या तीन एलईडी दिव्यांहून हा ‘शून्य’ अधिक खात होता! त्या जागीं अर्ध्या वॅटचा लहान एलईडी लाविल्यावर तें काम ०.१५ युनिटांत होऊं लागलें.

निवड.— खोक्यावर चार गोष्टी पाहाव्या: लुमेन, ऊर्जा-बचतीचे तारे, भारतीय मानकाची खूण व तिचा नोंदणी क्रमांक, आणि किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत दिवा चालेल तो आंकडा. पुष्कळ गांवीं पंप सुरू होतांच विजेचा दाब उतरतो व बंद होतांच चढतो. तेथें हा आंकडा महत्त्वाचा. पावती व हमीपत्र जपून ठेवावें. आम्हीं एकदां आठवडे बाजारांतून बिनखुणेचे चार दिवे निम्म्या किमतींत आणिले. पावसाळा संपण्यापूर्वीं तीन गेले, आणि पावती नसल्यामुळें बदलून मागण्यास तोंड उरलें नाहीं.

वापर.— सगळे दिवे एकदम बदलण्याचें कारण नाहीं. जो सर्वांत अधिक तास जळतो तो प्रथम बदलावा. कोठींत दहा मिनिटें लागणाऱ्या दिव्याची घाई नाहीं. एलईडी दिवा चोहोंकडून बंद अशा कांचेच्या गोळ्यांत बसवूं नये. त्याच्या बुडाशीं सांचणारी उष्णता बाहेर न गेल्यास त्याचें आयुष्य घटतें. ओटी व गोठा येथें पिवळसर प्रकाशाचा दिवा घ्यावा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे अधिक येतात. मुलांच्या अभ्यासास आढ्याजवळ मोठा दिवा टांगण्यापेक्षां वहीजवळ लहान दिवा ठेवावा.

जेथें ऊबच हवी, उदाहरणार्थ कोंबडीच्या नवजात पिलांजवळ, तेथें मात्र एलईडी लावून भागणार नाहीं; पिलें गारठतील. तसेंच जुने सीएफएल दिवे फुटल्यास खिडक्या उघडाव्या, तुकडे हातानें न उचलतां पुठ्ठ्यानें गोळा करावे, व ते उकिरड्यावर टाकूं नयेत. त्यांत अल्पसा पारा असतो, आणि उकिरडा तो पुढें आपल्याच शेतांत जातो.

अभ्यास.— आज रात्रीं घरांतील प्रत्येक दिव्याचे वॅट व तास एका कागदावर मांडून युनिटांची बेरीज करावी. दिवे बदलल्यानंतरचें बिल मागील वर्षाच्या त्याच महिन्याच्या बिलाशीं ताडून पाहावें. लगतच्या महिन्याशीं ताडल्यास पंख्याच्या वापरानें हिशेब चुकतो. शेतसारा कमी करणें आपल्या हातीं नाहीं. दिव्यांचा सारा मात्र ज्याचा त्यास आकारतां येतो, व कमीही करितां येतो.