आधी परिकल्पना, मग मोजणी



'शून्य परिकल्पना' आणि 'पर्यायी परिकल्पना' हे शब्द आले की पुष्कळांचा गोंधळ होतो. एका खऱ्या चाचणीवरून ते समजून घेऊ.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व श्री. प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या ४० पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते.

पायरी १ : बरोबर उत्तरांच्या खऱ्या प्रमाणाला 'प' म्हणू. ४० पैकी प्रत्यक्ष किती जुळली, तो केवळ नमुना. परिकल्पना नेहमी 'प'विषयी मांडतात.

पायरी २ : शून्य परिकल्पना म्हणजे 'विशेष काही नाही'. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात. म्हणून प = ०.५. बरोबरीचे चिन्ह इथेच येते.

पायरी ३ : ज्योतिषाचा दावा 'मला नाण्यापेक्षा जास्त कळते' असा आहे. म्हणून पर्यायी परिकल्पना प > ०.५. ज्याचा दावा, त्याने तो सिद्ध करावा.

आता मर्यादा ठरवू. ४० वेळा नाणे उडवल्यास २६ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, तर २५ किंवा अधिक पडण्याची जवळपास ८ टक्के असते. ५ टक्क्यांची पातळी धरली, तर किमान २६ उत्तरे बरोबर हवीत.

२७ ज्योतिषांची उत्तरे आली. सर्वोत्तम गुण २४, सरासरी १७.२५. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही.

'नाकारता आली नाही' म्हणजे 'सिद्ध झाली' असे नव्हे. दाव्याला पुरावा मिळाला नाही, इतकेच. आणि सरासरी निम्म्याहून कमी दिसली म्हणून मागाहून '>' चे '<' करायचे नाही. निकाल पाहून प्रश्न बदलणे म्हणजे बाण लागला तिथे वर्तुळ काढणे.

गृहपाठ : 'इंदूरच्या निम्म्याहून अधिक मराठी घरांत मुले आपसांत मराठीच बोलतात,' असे कोणी म्हणते. चिठ्ठ्या टाकून ५० घरे निवडायची आहेत. दोन्ही परिकल्पना आधी वहीत लिहा, मगच घरोघरी विचारा. उत्तर मनासारखे येवो न येवो, लिहिलेले खोडू नका.