मिक्सर, पण स्वयंपाकघरातला नव्हे

मिक्सर म्हटलं की आपल्याला चटणी आठवते. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधला मिक्सर बोटाच्या पेराएवढा असतो आणि तो गुणाकार करतो. एखादी गोष्ट मराठीत समजावता आली तरच ती आपल्याला समजली, असं मला वाटतं. म्हणून हा प्रयत्न.

आमचा ऑसिलोस्कोप ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा. हौशी रेडिओचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या आवाक्याबाहेर. मोठं यंत्र परवडत नाही. मग एकच मार्ग उरतो: यंत्र वर जात नसेल तर सिग्नल खाली आणायचा.

अकरावीचं त्रिकोणमितीचं सूत्र आठवा. दोन कोसाइनांचा गुणाकार केला की एक बेरजेचा आणि एक वजाबाकीचा, असे दोन कोसाइन मिळतात. मिक्सर नेमकं हेच करतो. एका बाजूने १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल द्या, दुसऱ्या बाजूने आपल्या ऑसिलेटरचे १३५ द्या. बाहेर २८० आणि १० येतात. २८० गाळून टाकायचे. १० आपला जुना स्कोप आरामात दाखवतो. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन रेडिओ मांडला तो याच तत्त्वावर. आजोबांच्या ट्रान्झिस्टरमध्येही प्रत्येक स्टेशन असंच ४५५ किलोहर्ट्झवर उतरवलं जायचं.

मिक्सरच्या पोटात चार डायोड आणि दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ऑसिलेटरकडून त्याला साधारण ५ मिलीवॉट लागतात. सिग्नल बाहेर येताना सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणजे व्होल्टेज निम्मं होतं. वाचन घेताना हे लक्षात ठेवावं. आणि ५ वॉटचा वॉकीटॉकी थेट कधीच जोडू नये. ती ऑसिलेटरच्या हजारपट शक्ती झाली. डायोड जळून जातील. आधी अॅटेन्युएटर, मग मिक्सर.

इथवर सगळं सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांनी जनरेटरचा आकडा कागदाने झाकून ठेवला आणि म्हणाले, "ओळखा." आम्ही ऑसिलेटर १३५ वर ठेवला, स्कोपवर १० मेगाहर्ट्झची सुंदर लाट आली. मी लगेच जर्नलमध्ये पेनाने लिहिलं: १४५. माझा पार्टनर हळूच म्हणाला, "अरे, १२५ पण असू शकेल ना? फरक तर तेवढाच." मी म्हटलं, "गप रे, १४५च असणार, तेच तर शिकवलंय." त्याने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने आपल्या जर्नलमध्येही तेच उतरवलं.

सरांनी कागद उचलला. १२५.

१३५ पासून १४५ जितके वर, तितकेच १२५ खाली. या जुळ्या भावाला इमेज म्हणतात. मिक्सरला फक्त अंतर कळतं, बाजू कळत नाही. बाजू ओळखायची युक्ती सरांनी तिथेच दाखवली: ऑसिलेटर १३६ करा. सिग्नल १४५ असता तर लाट ९ वर आली असती. ती ११ वर गेली, म्हणजे सिग्नल ऑसिलेटरच्या खालचा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि मी ते केलं नव्हतं. नको असलेली बाजू मिक्सरच्या आधीच फिल्टर लावून अडवता येते, हेही मग कळलं.

मार्क दोघांचेही गेले. माझे माझ्या चुकीने, त्याचे माझ्या आवाजाने. बाहेर आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "पुढच्या वेळी ऑसिलेटर मी फिरवतो."

तेव्हापासून आमच्या जर्नलमध्ये प्रत्येक वाचनासमोर दोन रकाने असतात: ऑसिलेटर १३५ वर, आणि १३६ वर. स्वस्त यंत्राने काम भागतं मित्रांनो, पण तेच माप दुसऱ्यांदा, जरा सरकून घ्यायची तयारी हवी. आणि शेजारचा काही म्हणत असेल तर तेही ऐकून घ्यावं.