पाट्या वाचून शिकलेले कवी

आपल्या राजगुरुनगरावरून पुणे-नाशिक रस्ता जातो. त्याच रस्त्याने पुढे गेले की सिन्नर लागते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामन तबाजी कर्डक यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणू लागला.

घर गरिबाचे. शिक्षण काही झाले नाही. पोटासाठी ते मुंबईला गेले. कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली.

शिवडीच्या चाळीत राहत असताना एक गोष्ट घडली. एक माणूस पत्र घेऊन आला. वाचून दाखवा म्हणाला. पत्र हातात, पण वाचणार कसे? अक्षरओळखच नव्हती! वामनदादांना रडू कोसळले. आपल्यापैकी कितीजणांवर ही पाळी आलेली आहे! कागद उलटा की सुलटा तेही कळत नाही. कुणाला विचारावं, तर लाज वाटते.

मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. बाराखडी झाली. जोडाक्षरे मात्र अडली. ती सगळ्यांचीच अडतात, बरं का! वामनदादा जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचू लागले. एकेक अक्षर लावायचे, अडले की पुन्हा पाहायचे. अशी जोडाक्षरे आली. आपल्या चाकणच्या रस्त्याला तर आज पाट्याच पाट्या आहेत.

१९४३ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले. मग लेखणी थांबली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विचार, मजुराचे कष्ट, गरिबाची भूक, सारे गाण्यात आले. विलायतेतला गवई पियानोपुढे बसून स्वतःची गाणी गातो. वामनदादांची गाणी वस्तीवस्तीत, पेटी-ढोलकीच्या साथीवर रंगली. शब्द त्यांचे आणि गळाही त्यांचाच. शब्द असे साधे, की शेतावरच्या बायांच्या ओठीही बसले.

‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट १९५९ साली आला. पुण्यात तो दोन वर्षांहून जास्त चालला. त्यातही वामनदादांचे एक गाणे आहे. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ ही त्यांच्या गाण्यांची पुस्तके. त्यांनी हजारो गाणी लिहिली.

१५ मे २००४ रोजी वामनदादा वारले. १४ एप्रिलला, भीमजयंतीला, त्यांची गाणी गावोगाव लागतात. तेव्हा कान देऊन ऐका. पुष्कळ गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असे नाव येते. ते त्यांचेच.