कथा कोण सांगतो?

घरात लोणच्याची बरणी फुटली, की थोरला भाऊ एक हकीकत सांगतो आणि धाकटी बहीण दुसरी. दोघांपैकी कोणी खोटे बोलत असते असे नाही. बरणी फुटली तेव्हा दोघे दोन ठिकाणी उभे होते, इतकेच. कथेचेही असेच आहे. कथा ज्याच्या मुखातून आपण ऐकतो, त्याला निवेदक म्हणतात. निवेदक जेथे उभा असेल, तेथूनच आपणांस ते घर दिसते.

रवींद्रनाथ ठाकुरांची 'काबुलीवाला' ही बंगाली कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. कलकत्त्यातील पाच वर्षांची बडबडी मिनी आणि मेवा विकणारा रहमत यांच्या स्नेहाची ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण ती सांगतात मिनीचे वडील. ते लेखक आहेत. कथेच्या आरंभी ते आपल्या कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात गढून गेलेले असतात. रहमतवर त्यांचा विश्वास आहे.

मिनीच्या आईचा मात्र नाही. वडील तिला भित्र्या स्वभावाची म्हणतात, आणि तिच्या भीतीचे त्यांनी केलेले वर्णन वाचून आपणांस हसू येते. कारण आपण वडिलांच्या मेजाशी उभे असतो. पण आईचे प्रश्न पाहा. मुले कधी पळवली जात नाहीत काय? एवढ्या धिप्पाड माणसाला लहान मूल उचलून नेणे अशक्य आहे काय? अशक्य आहे, असे वडिलांना म्हणता येत नाही. तरीही रहमतचे येणे ते बंद करीत नाहीत. भांडण झाल्याचे कथेत कोठेही लिहिलेले नाही; घरातील ताण या न सुटलेल्या प्रश्नांतच आहे. पुढे उधारीच्या तंट्यात रहमतने एका माणसाला सुरा मारला. त्या दिवशी आईला काय वाटले, हे निवेदक सांगतच नाही!

पुष्कळ वर्षांनी, मिनीच्या लग्नाच्या दिवशी, तुरुंगातून सुटलेला रहमत दारी येतो. अंगरख्याच्या आत, छातीशी त्याने एक मळका कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर असतो त्याच्या दूरच्या मुलीच्या चिमुकल्या हाताचा काजळीचा ठसा. तो पाहून वडिलांचे डोळे भरून येतात. गावी परतण्यासाठी ते त्याला पैसे देतात, आणि त्यापायी लग्नातील विजेचे दिवे व बँड कमी करावे लागतात. घरातील स्त्रिया नाराज होतात. पण ही नाराजी निवेदक एका वाक्यात उरकतो आणि स्वतःच्या समाधानाकडे वळतो. वडिलांचे करणे मला पटते. पण लेकीला निरोप देणाऱ्या आईला कोणी विचारले होते काय?

आता ही कथा मिनीच्या आईच्या मुखातून सांगून पाहा. तिचे पहिले वाक्य कोणते असेल? आणि लग्नाच्या सकाळी दारात उभा राहिलेला रहमत तिला कसा दिसेल?