रानडुकराची जखम शिवायची घाई नको

गेल्या महिन्यात पहाटे चारला दार वाजले. भुईमुगाच्या राखणीला गेलेल्या शेतकऱ्याच्या मांडीत रानडुकराने सुळा घुसवला होता. जखमेत हळद ठासून वर पंचा आवळलेला. "टाके घाला अन् सोडा, लाइट आहे तोवर पाणी द्यायचंय," म्हणाले. मी लगेच टाके घातले नाहीत म्हणून मुलगा रागावला.

वाचकहो, ही जखम वरून बोटभर दिसते. आत स्नायू फाटलेले, माती शिरलेली असते. घाईने शिवली तर घाण आतच कोंडते. शिवाय सुळ्याला लाळ असते. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे. रानटी प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात.

रक्त उसळत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा. नाहीतर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून! हळद, चुना, तंबाखू काही नको. मग दवाखाना: धनुर्वाताचे इंजेक्शन, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि रेबीजची लस. ती दंडात ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी देतात; त्वचेत देताना चौदावा दिवस वगळतात. जखम भरू लागली की लोक पुढचे डोस बुडवतात. रेबीजची लक्षणे दिसल्यावर मात्र रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

वनरक्षकालाही ताबडतोब कळवा, जखमीला शासनाची मदत मिळते.

आमचे शेतकरी चार डोसांना आले. पाचवा गुरुवारी आहे. त्याच दिवशी भुईमूग काढायचा आहे म्हणे.