व्हिडिओ कॉलद्वारे पीक सल्ला : पूर्वतयारी व पद्धत

पिकावर रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांतील निर्णय मोलाचा असतो. अशा वेळी तज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटणे नेहमी शक्य होत नाही आणि दूरध्वनीवरून लक्षणे नीट सांगता येत नाहीत. द्राक्षाचेच उदाहरण घ्या. "पानावर पांढरे आले आहे" एवढ्यावरून भुरी की केवडा हे ठरत नाही. भुरीत पानावर राखाडी-पांढरी भुकटी दिसते. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर, तेलकट डाग पडतात व त्याच जागी खालच्या बाजूस पांढरी बुरशी वाढते. गंधकाने भुरी आटोक्यात येते, केवडा मात्र येत नाही. निदान चुकले तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि तोवर रोग घडांपर्यंत पोचतो. घरच्या संगणकावरून व्हिडिओ कॉल केल्यास तज्ज्ञ स्वतः पान पाहू शकतात. मात्र त्यासाठी पूर्वतयारी हवी.

आवश्यक साहित्य

१) संगणक, कॅमेरा व मायक्रोफोन. लॅपटॉपमध्ये हे दोन्ही बहुधा असतात. टेबलावरच्या संगणकाला वेगळा वेबकॅम जोडावा. हेडफोन वापरल्यास आवाज घुमत नाही.

२) इंटरनेट जोडणी. साध्या चित्रासाठी दोन्ही दिशांना सेकंदाला सुमारे १ मेगाबिट वेग असावा. या वेगाने तासाभरात दोन्ही दिशा मिळून सुमारे ९०० मेगाबाइट डेटा खर्च होतो. आपले चित्र पलीकडे जाण्यासाठी 'अपलोड'चा वेग लागतो, म्हणून तोही तपासावा.

३) वीज जाण्याचा त्रास असल्यास संगणकाबरोबर इंटरनेटच्या राउटरलाही यू.पी.एस. जोडावा.

कॉल करण्याची पद्धत

गुगल मीटसाठी वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नाही. ब्राउझरमध्ये आपले गुगल खाते उघडून मीटमध्ये नवी बैठक तयार करावी. मिळालेली लिंक तज्ज्ञांना आधी ठरलेल्या वेळेपूर्वी पाठवावी. ब्राउझर कॅमेरा व मायक्रोफोन वापरण्याची परवानगी विचारतो, ती द्यावी. जुन्या संगणकावर स्काईप असल्यास त्यावर विसंबू नये. २००३ साली सुरू झालेली ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली आहे. आदल्या दिवशी घरातील कोणाशी तरी बोलून आवाज व चित्र तपासून घ्यावे.

नमुना दाखविताना घ्यावयाची काळजी

१) रोगट भागाबरोबर निरोगी पानही आणावे. फरक लगेच कळतो.

२) नमुना कॉलच्या थोडा वेळ आधीच तोडावा. सुकलेल्या पानावर लक्षणे ओळखू येत नाहीत.

३) खिडकी पाठीमागे नसावी, समोर असावी. पानामागे पांढरा कागद धरावा, म्हणजे रंग खरे दिसतात.

४) पानाच्या दोन्ही बाजू सावकाश दाखवाव्यात. साध्या वेबकॅममध्ये फार जवळची वस्तू अस्पष्ट दिसते, म्हणून पान फूट-दीड फुटावर स्थिर धरावे. बारीक खुणांचे छायाचित्र मोबाईलवर जवळून काढून आधीच पाठवावे.

५) केवड्याची शंका असल्यास डाग असलेले पान ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवावे. सकाळी डागाखाली पांढरी बुरशी दिसल्यास निदानास मदत होते.

६) जात, छाटणीची तारीख, झालेल्या फवारण्या व त्यांचे प्रमाण, पाऊस व दव यांची नोंद वही उघडून समोर ठेवावी. मिळालेला सल्लाही औषधाचे नाव व प्रमाणासह त्याच वहीत लिहावा आणि तज्ज्ञांना वाचून दाखवावा.

मर्यादा

सर्वच रोगांचे निदान पडद्यावर होत नाही. सूत्रकृमी, विषाणुजन्य रोग किंवा अन्नद्रव्यांची कमतरता यांची शंका असल्यास मुळे, माती किंवा पान-देठाचा नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. 'प्रयोगशाळेत तपासा' हाही सल्लाच समजावा. संगणक किंवा इंटरनेट नसल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारणा करता येते.

सावधानता

अनोळखी व्यक्तीचा व्हिडिओ कॉल घेऊ नये. सल्ला देण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाला आपला ओ.टी.पी., बँकेची माहिती किंवा संगणकाचा ताबा लागत नाही. गणवेशातील कोणी कॉलवर 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगितल्यास घाबरू नये, कायद्यात अशी अटकच नाही. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

थोडक्यात, ताजा नमुना, पुरेसा उजेड आणि फवारणीची वही या तीन गोष्टी हाताशी ठेवून कॉल केल्यास तज्ज्ञांना रोग ओळखणे सोपे जाते आणि आपला वेळ व औषधावरील अनाठायी खर्च वाचतो. रोग येण्याची वाट न पाहता या आठवड्यातच एकदा कॉल करून पाहावा, म्हणजे गरजेच्या वेळी अडचण येणार नाही.