क्ष म्हणजे काय, ते मुलालाच सांगू द्या

आई-बाबांनो, आज संध्याकाळी मुलाच्या वहीत एक ओळ लिहा : ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल ते विचारा आणि थांबा. पुष्कळ मुलं १२ लिहितात, काही १७. उत्तर ७ आहे. पहिलीपासून ‘बरोबर’चं चिन्ह दिसलं की पुढे उत्तर लिहायचं, एवढंच त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. दोन्हीकडची किंमत सारखी आहे, हे ते चिन्ह सांगतं ही गोष्ट राहूनच जाते. बीजगणित सुरू झाल्यावर जी मुलं अडखळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथलं असतं.

म्हणून कळकळीनं सांगते, ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे लगेच शिकवू नका. ३क्ष + ५ = २० असेल, तर दोन्ही बाजूंतून ५ वजा, मग दोन्ही बाजूंना ३ ने भाग, असं काही आठवडे सविस्तर लिहू द्या. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच वजन उचललं की काटा हलत नाही, तसं हे आहे. घाईनं दिलेला नियम फसवतो. ३क्ष = १५ वर आलेलं मूल ३ पलीकडे नेतं, त्याचंही चिन्ह बदलतं आणि क्ष = −५ लिहितं.

३क्ष + ५ ची बेरीज ८क्ष केली, तर रागावू नका. क्षच्या जागी २ ठेवून बघ, म्हणा. एकीकडे ११ येतात, दुसरीकडे १६. किंमत ठेवून पडताळण्याची ही सवय कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा मोलाची आहे.

आता शाब्दिक उदाहरणं, कारण खरी रडारड तिथंच. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त भुंग्यांचे थवे आहेत, हंस आहेत, सापावर झेपावणारा मोर आहे. आधी चित्र, मग आकडे. घरीही तसंच करा. पेन्सिल खाली ठेवायला सांगा आणि उदाहरण गोष्टीसारखं बोलून घ्या. उदाहरणार्थ : आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे, ६ वर्षांनी ते तिप्पट होईल, तर आजची वयं किती? मग विचारा, क्ष म्हणजे काय? ‘क्ष म्हणजे मुलगी’ हे उत्तर चालवून घेऊ नका. क्ष म्हणजे मुलीचं आजचं वय, वर्षांत. हे एक वाक्य वहीत उतरलं की आईचं वय ४क्ष, हे मूल स्वतः म्हणतं. नाहीतर ‘आई मोठी’ म्हणून चार आईलाच चिकटतो, आणि आईच्या वयाची चौपट म्हणजे मुलीचं वय, असं उलटं समीकरण वहीत येतं.

पुढे ४क्ष + ६ = ३(क्ष + ६). कंस विसरून उजवीकडे ३क्ष + ६ लिहिलं, तर क्ष शून्य येतो. अशा वेळी तुम्ही चूक दाखवू नका. ‘मुलीचं वय शून्य?’ एवढंच विचारा. सहा वर्षं मुलीचीही वाढतात आणि तिप्पट त्या वाढलेल्या वयाची करायची, हे त्याला आपणहून सापडू द्या. उत्तर १२ आणि ४८. ताळा करा : १८ ची तिप्पट ५४.

असमानता त्यामानानं सोपी, कारण ‘जास्तीत जास्त’, ‘निदान’ हे शब्द मुलं रोज वापरतात. ३५ रुपयांची एक वही, जवळ २०० रुपये. ३५क्ष ≤ २००. भागाकार ५.७ च्या आसपास येतो, पण वह्या ५ च मिळतील, आणि हे मुलानं बोलून दाखवायला हवं. ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह का उलटतं, हे ३ आणि ५ घेऊन दाखवा : ३ < ५, पण −३ > −५. संख्यारेषा काढली की पुरे.

रोज चार-पाचच उदाहरणं द्या, पण ताळ्यासकट. आणि आठवड्यातून एकदा उलटं करा : २क्ष + १० = ५० हे समीकरण द्या आणि त्यावरून गोष्ट रचायला सांगा. रिक्षाचं भाडं, चिक्कीची पाकिटं, काहीही चालेल. गोष्ट जुळली नाही, तर नेमकं काय समजलेलं नाही ते तुम्हाला तिथंच कळेल.